मातांचे उद्योग आणि सरकारचे थकलेले बिल

महिलांच्या बँक खात्यात थेट पैसे जमा करण्याचे राजकारण आता दुसऱ्या टप्प्यावर आले आहे. दरमहा ठरावीक रक्कम देण्याची पद्धत रुळली. तिच्या जोडीला ‘उद्योगासाठी पैसा’ ही नवी घोषणा आली आहे. बिहारमध्ये विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, सप्टेंबर २०२५ मध्ये, मुख्यमंत्री महिला रोजगार योजना सुरू झाली आणि पहिल्याच टप्प्यात ७५ लाख महिलांच्या खात्यांत प्रत्येकी १० हजार रुपये पडले. उद्योग उभा राहिल्यास पुढे २ लाखांपर्यंत साहाय्य देण्याचे आश्वासन त्यात आहे. केंद्राने २०२३ च्या स्वातंत्र्यदिनी ‘लखपती दीदी’चा संकल्प सोडला, २ कोटी महिलांचे मूळ लक्ष्य काही महिन्यांतच ३ कोटींवर नेले. शेजारच्या महाराष्ट्रात २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ आली. गोव्याला या वाटेवर कोणाकडून शिकण्याची गरज नव्हती, कारण गृहआधार योजना येथे २०१२ पासूनच चालू आहे. राज्यात २०२७ च्या आरंभी निवडणूक अपेक्षित असल्याने गृहिणींनी, विशेषतः लेकुरवाळ्या स्त्रियांनी, स्वतःचा छोटा उद्योग उभारावा असे आवाहन यापुढे अधिकाधिक व्यासपीठांवरून ऐकू येईल.

आवाहनात वाईट काही नाही. मात्र त्यामागे एक गृहीतक दडलेले असते. घरी बसलेल्या मातेत उमेद कमी आहे. तिला थोडे प्रोत्साहन, चार दिवसांचे प्रशिक्षण आणि थोडे भांडवल दिले की ती उद्योजिका होईल, असे हे गृहीतक. गोव्यापुरते बोलायचे तर ते वस्तुस्थितीशी जुळत नाही.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सकाळी एक फेरी मारली तरी हे कळते. सुकी मिरची, आमसुले, नारळ, भाजी, फुले, घरचे लोणचे घेऊन बसलेल्यांत स्त्रियांचेच प्रमाण अधिक, आणि त्यांतील बहुतेक जणी कोणाच्या तरी माता. एप्रिल-मे महिन्यांत पावसाळ्याची बेगमी, म्हणजे पुरुमेंत, करण्याची गोमंतकीय रीत आहे. त्या दोन महिन्यांत अंगणाअंगणांत पापड वाळतात, आंब्या-फणसाची साटे घातली जातात, तोरे खाऱ्या पाण्यात मुरतात. पूर्वी हे घरापुरते होत असे. आता त्यातील मोठा वाटा विक्रीसाठी होतो, कारण पणजी-मडगावच्या सदनिकांत राहणाऱ्या नोकरदार कुटुंबांकडे अंगणही नाही आणि वेळही नाही. चतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवस तर घरगुती नेवऱ्या, लाडू, चकल्या करणाऱ्या बायकांना मागणी पुरी पडत नाही. काणकोणातील खोला येथील मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले. ती डोंगरउतारावर लावण्यापासून वाळवून विकण्यापर्यंतचे बरेचसे काम स्त्रियाच करतात. यांपैकी कोणाला उमेद शिकवायला जाण्याची गरज नाही.

मग अडते कुठे? यांतील बहुसंख्य उद्योग वर्षानुवर्षे आहेत त्याच आकाराचे राहतात. जी बाई पाच वर्षांपूर्वी हंगामाला ५० किलो मसाला करीत होती, ती आजही तेवढाच करते. ती वाढू इच्छित नाही असे नाही. वाढण्यासाठी लागणाऱ्या तीन गोष्टी तिच्या हातात नसतात. सलग वेळ, वेळेवर पैसे देणारे गिऱ्हाईक, आणि स्वतःच्या नावाचे कागद. सरकारी योजना चौथ्याच गोष्टीवर, कर्जावर, भर देतात.

वेळेचा हिशेब आता आकड्यांत उपलब्ध आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील बिनमोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचे त्या कामांत दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात. ही कामे करणाऱ्या पुरुषांची ८८. मुले आणि वृद्ध यांच्या देखभालीत स्त्रियांची १३७ मिनिटे जातात, पुरुषांची ७५. यापूर्वीच्या, म्हणजे २०१९ च्या सर्वेक्षणात घरकामाचा स्त्रियांचा आकडा २९९ होता. पाच वर्षांत दहा मिनिटे सुटली. घरात मिक्सर, गॅस, धुलाई यंत्र सगळे आले, तरीही. बाईच्या हाती येणारा मोकळा वेळ शिवाय तुकड्यातुकड्यांचा असतो. मुलाला शाळेत सोडल्यापासून आणेपर्यंत एक तुकडा, दुपारी ते झोपले तर दुसरा, रात्री सगळे आवरल्यावर तिसरा. तुकड्यांत शिवणकाम होते, फुलांच्या माळा होतात, पापड लाटता येतात. भट्टीवर खाजे करणे, साठ जणांचे डबे वेळेत पोहोचवणे किंवा बँकेत अर्धा दिवस बसणे तुकड्यांत होत नाही.

गोव्यातील बहुतेक शाळा दुपारी दीडच्या सुमारास सुटतात. मातेचा ‘कामाचा दिवस’ त्यामुळे साडेचार-पाच तासांचा ठरतो, तोही त्यातले सकाळचे घरकाम वजा न करता. २०२५ पासून सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होऊ लागले. त्या निर्णयावर उन्हाळ्याच्या आणि सुट्टीच्या अंगाने पुष्कळ वाद झाला. पण एप्रिल हाच पुरुमेंताच्या मालाचा, म्हणजे घरगुती खाद्यउद्योगाच्या सर्वांत मोठ्या कमाईचा महिना आहे, ही बाजू त्या वादात फारशी कोणी मांडली नाही. शिक्षण खाते आणि उद्योग खाते वेगळ्या इमारतींत बसतात. मातेचा दिवस मात्र एकच असतो.

यावर उत्तर नवे नाही. कारखान्यात किंवा कार्यालयात ५० वा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघर हवे, ही तरतूद मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने आली. घरून उद्योग करणाऱ्या आईला तिचा काहीच उपयोग नाही, कारण तिचा मालकही तीच आणि कर्मचारीही तीच. तिच्यासाठी वाट आहे ती अंगणवाडीची. केंद्राच्या ‘मिशन शक्ती’तील ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय आहे आणि सहा महिन्यांच्या बालकापासून सहा वर्षांच्या मुलापर्यंत तेथे सांभाळ होऊ शकतो. अंगणवाडीचे जाळे गोव्यात वाड्यावाड्यांवर आहे. ती दुपारनंतरही उघडी ठेवणे, त्यासाठी एक जादा सेविका नेमणे आणि तिला जगण्यापुरते वेतन देणे, एवढ्यावर हे काम अडलेले आहे. उद्योजिकांसाठी मेळावा भरवण्यापेक्षा हा खर्च मोठा आहे आणि त्याचे छायाचित्रही चांगले येत नाही.

गृहआधार योजनेचाही एक अनपेक्षित परिणाम येथे पाहावा लागतो. वाढत्या महागाईत गृहिणीला हातभार म्हणून दरमहा १५०० रुपये देणारी ही योजना अनेक घरांना खरोखर उपयोगी पडली आहे. तिच्यावर सरसकट टीका करणे सोपे आणि अन्यायाचे ठरेल. पण पती-पत्नीचे एकत्रित वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असावे ही तिची अट आहे. पतीला दरमहा २२-२३ हजार पगार असलेल्या घराचा विचार करावा. पत्नीने उद्योगाची रीतसर नोंदणी केली, उलाढाल बँकेतून फिरवली आणि वर्षाला तीस-चाळीस हजार नफा दाखवला, तर वर्षाला मिळणारे खात्रीचे १८ हजार रुपये धोक्यात येतात. व्यवसायात तोटाही येऊ शकतो. १८ हजार मात्र नक्की असतात. अशा वेळी शहाणी गृहिणी काय करते? ती व्यवसाय करते, पण रोखीत आणि नोंदीशिवाय. म्हणजे एक खाते तिला अदृश्य राहण्याचे बक्षीस देते, आणि दुसरे खाते ती दिसत नाही म्हणून तिच्यासाठी जागृती शिबिरे घेते. उद्योगाची नोंदणी केल्यानंतर दोन किंवा तीन वर्षे तिचे त्यातील उत्पन्न या मर्यादेत न धरण्याची साधी सवलत दिली, तरी ही गाठ बरीचशी सैल होईल.

वेळेनंतरचा प्रश्न गिऱ्हाइकाचा, आणि गोव्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचाही तोच. येथील स्त्रियांच्या उद्योगाला आजवर सर्वांत मोठा आधार ज्या योजनेने दिला ती मुळात उद्योगाची योजना नव्हतीच. ती माध्यान्ह आहाराची योजना. गोव्यातील बहुतांश शाळांतील मुलांना दुपारचा आहार महिला मंडळे आणि स्वयंसहाय्य गट शिजवून पुरवतात. त्यासाठी कोणाला बाजारपेठ शोधावी लागली नाही, जाहिरात करावी लागली नाही, वेष्टनाचे वर्ग भरवावे लागले नाहीत. गिऱ्हाईक समोर उभे होते. रोज किती पोटे, कोणत्या वाराला कोणता पदार्थ, किती वाजता, सगळे ठरलेले. वेळही मातेला सोयीची: पहाटे काम सुरू आणि शाळा सुटायच्या आत आटोपते. शंभर मुलांचा पाव-भाजी वा पुलाव रोज वेळेत करू शकणारा गट पुढे लग्नाची पंगत किंवा कार्यालयाचा उपाहारही करू शकतो. प्रशिक्षण यालाच म्हणतात.

ज्या उद्योगाला सरकारने गिऱ्हाईक होऊन उभे केले, त्याचेच पैसे सरकार वेळेवर देत नाही. आहार पुरवणाऱ्या गटांची देयके काही महिने थकल्याच्या, त्यांनी खात्याकडे दाद मागितल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत गोव्यात पुनःपुन्हा आल्या आहेत. निधी केंद्राकडून आला नाही, शाळेकडून हजेरीचा तपशील उशिरा पोहोचला, लेखा विभागाने शंका काढली, अशी कारणे प्रत्येक वेळी दिली जातात आणि ती कदाचित खरीही असतील. किराणा दुकानदाराला ती सांगून भागत नाही.

एक साधा हिशेब करून पाहावा. समजा, एखादा गट ३०० मुलांना आहार देतो आणि त्याला मुलामागे रोज सरासरी १० रुपये मिळायचे आहेत. दिवसाला ३ हजार, शाळेचे २४ दिवस धरले तर महिन्याला ७२ हजार. बिल चार महिने अडकले तर २ लाख ८८ हजार रुपये सरकारकडे राहतात. या काळात तेल, डाळी, भाजी, पाव आणि गॅस यांचा खर्च रोजच्या रोज चालूच असतो. मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटातील कर्जाची मर्यादा ५० हजार आहे. म्हणजे सरकारने दिलेले कर्ज सरकारच्याच एका महिन्याच्या थकबाकीलाही पुरत नाही. गटातील बाया मग मंगळसूत्र किंवा बांगड्या गहाण टाकतात, दुकानदाराकडे उधारी करतात, किंवा भाजीतली भाजी कमी करतात. शेवटचा मार्ग मुलांच्या ताटात उतरतो, आणि नंतर आहाराच्या दर्जाविषयी तक्रार झाली की जबाबदार तोच गट ठरतो. वास्तविक चार महिने बिनव्याजी कर्ज घेणारा पक्ष सरकार असते आणि ते देणाऱ्या असतात कमी उत्पन्न गटातील माता. या उलट्या कर्जव्यवहाराला कोणत्याही अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्ष नाही.

दरही सैल नाहीत. केंद्राने मे २०२५ पासून आहाराच्या साहित्याचा खर्च प्राथमिकच्या मुलामागे ६.७८ रुपये आणि उच्च प्राथमिकच्या मुलामागे १०.१७ रुपये धरला आहे; राज्य त्यात स्वतःची भर घालू शकते. एवढ्या तुटपुंज्या हिशेबात उधारीवरचे व्याज बसवायला जागाच नसते. उशीर म्हणजे थेट तोटा.

या बाबतीत कायदा गटांच्या बाजूने आहे, पण तो त्यांच्यापर्यंत पोहोचलेला नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ मधला. त्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेणाऱ्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे चुकते करायचे असतात, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. मुदत टळली तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. खरेदीदार सरकारी खाते असले म्हणून त्यातून सुटका नाही. तक्रार राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे करता येते. अट एकच, पुरवठादाराची ‘उद्यम’ नोंदणी हवी. ती ऑनलाइन होते, तिला शुल्क नाही आणि बचत गटालाही ती करता येते. ज्या गटाशी शासन वर्षानुवर्षे व्यवहार करते त्याला काम देतानाच ही नोंदणी करून देणे अवघड नव्हते. तसे झाले तर उशिराचे व्याज खात्याला भरावे लागेल, ही अडचण मात्र आहे.

खासगी खरेदीदारालाही आता थोडा धाक आहे. सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे कायद्यातील मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षीच्या करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही, अशी दुरुस्ती प्राप्तिकर कायद्यात २०२३ मध्ये झाली आणि ती आर्थिक वर्ष २०२३-२४ च्या हिशेबांना लागू झाली. गोव्यात याला विशेष अर्थ आहे, कारण येथील हॉटेल व्यवसायाची रोजची खरेदी प्रचंड आहे. पाव, लोणची, कोकम, नारळाची वाटपे, फुले, कापडी पिशव्या, धुलाई, यांतले किती स्थानिक स्त्रियांकडून घेतले जाते? पर्यटकाला ‘गोव्याची चव’ म्हणून वाढला जाणारा मसाला पुष्कळदा राज्याबाहेरच्या कारखान्यात दळलेला असतो. हॉटेलवाल्यांचा आक्षेपही समजून घेण्यासारखा आहे: माल सतत एका दर्जाचा मिळत नाही, बिल मिळत नाही, अन्न सुरक्षा नोंदणीचा क्रमांक नसतो. ही नोंदणी नाममात्र शुल्कात होते. बिल लिहायला एक वही पुरते. सतत एका दर्जाचा माल मात्र एकट्या बाईला शक्य नाही. त्यासाठी अनेकींचा माल एकत्र करून तपासणारी, प्रतवारी लावणारी आणि विकणारी यंत्रणा मध्ये असावी लागते.

नेमकी हीच गोष्ट लिज्जतने केली होती. मुंबईत गिरगावातील सात स्त्रियांनी १९५९ मध्ये ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ही कथा प्रोत्साहनपर भाषणांत इतकी सांगितली जाते की तिच्यातला कामाचा भाग विसरला जातो. तेथे प्रत्येकीला ‘उद्योजिका’ बनवण्यात आले नाही. पीठ केंद्रावर मळायचे, सदस्य बहिणींनी ते घरी नेऊन सवडीने लाटायचे, लाटलेले पापड केंद्रावर परत द्यायचे, तेथे तपासणी व्हायची आणि मजुरी हातावर पडायची. बाजारपेठ, वाहतूक, उधारी, कर, जाहिरात यांची डोकेदुखी संस्थेची. आईच्या तुकड्यातुकड्यांच्या वेळेला शोभणारी ही रचना होती, आणि नफ्यात तिचा वाटाही होता. आजच्या योजना याच्या उलट वाटेने जातात. उत्पादन, हिशेब, विक्री, समाजमाध्यमांवरची जाहिरात, कर्जफेड आणि जोखीम, सगळे एकाच बाईच्या डोक्यावर ठेवून तिला स्वावलंबी म्हटले जाते.

सरकारी खरेदीतून हे उभे राहू शकते, याचे उदाहरण केरळमध्ये आहे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या कुडुंबश्री चळवळीतील स्त्रियांचे गट तेथे अंगणवाडीतील बालकांसाठीचा ‘अमृतम’ पूरक आहार तयार करतात. छोट्या छोट्या गिरण्या, ठरावीक पाककृती, ठरावीक गिऱ्हाईक. अंगणवाड्यांचा आहार ठेकेदारांकडून घेऊ नये, गावसमूह, स्वयंसहाय्य गट आणि महिला मंडळे यांना प्राधान्य द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये दिलेला आहे. गोव्यातही माध्यान्ह आहार मोठ्या केंद्रीय स्वयंपाकघरातून देण्याचा विचार मध्यंतरी पुढे आला तेव्हा गटांनी त्याला विरोध केला होता. दर्जाची हमी हे केंद्रीय स्वयंपाकघराचे बलस्थान असू शकते, आणि मुलांच्या आरोग्याच्या प्रश्नात तो युक्तिवाद झटकून टाकता येत नाही. तपासणी कडक हवीच. पण ज्या गटाला पैसे चार महिन्यांनी मिळतात त्याचा दर्जा आणि ज्याला दर महिन्याला मिळतात त्याचा दर्जा, ही तुलना आधी व्हायला हवी.

केंद्राच्या खात्यांना आणि सार्वजनिक उपक्रमांना आपल्या वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून, आणि त्यातही ३ टक्के स्त्रियांच्या मालकीच्या उद्योगांकडून करण्याचे बंधन आहे. राज्य सरकारला ते आपोआप लागू होत नाही, पण गोव्याने स्वतःसाठी तसे बंधन घालून घेण्यास कोणाची हरकत असणार नाही. सरकारी सभांचा अल्पोपाहार, इस्पितळांतील चादरी-कपडे, शाळांचे गणवेश, सरकारी समारंभांत द्यायच्या भेटवस्तू, एवढी यादीही पुरेशी आहे. तेथे एक सावधगिरी हवी. एप्रिल २०२५ पासून ‘सूक्ष्म’ उद्योगाची व्याख्या अडीच कोटींपर्यंतची गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंतची उलाढाल अशी रुंद झाली आहे. वर्षाला दोन लाखांचा मसाला विकणारी गृहिणी आणि नऊ कोटींची उलाढाल करणारा कारखाना कायद्याच्या दृष्टीने एकाच पंगतीत बसतात. वाढप्याने लक्ष ठेवले नाही तर पंगतीच्या टोकाला बसलेलीपर्यंत काही पोहोचणार नाही.

आता कागदांविषयी. गोव्यातील विवाहित स्त्रीची स्थिती देशात इतरांहून वेगळी आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या कौटुंबिक कायद्यानुसार, लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि तिच्यात दोघांचा निम्मा निम्मा वाटा असतो. पत्नीच्या सहीशिवाय पतीला घर विकता येत नाही. समान नागरी कायद्याच्या चर्चेत गोव्याचा दाखला यासाठीच दिला जातो, आणि तो अभिमान रास्तही आहे. उद्योगाच्या संदर्भात मात्र याची दुसरी बाजू दिसते. घर तारण ठेवून कर्ज काढायचे तर तिलाही पतीची सही लागते. आणि कर्ज बुडाले तर दोघांचेही घर जाते, म्हणून पती आणि सासरचे लोक सहसा ती सही देण्यास नाखूश असतात. शिवाय मुंडकाराच्या किंवा कोमुनिदादच्या जमिनीवर असलेल्या असंख्य घरांच्या मालकीचे कागदच पुरे नसतात. तेथे तारण तर दूरच, व्यवसाय परवान्यासाठी पंचायतीत अर्ज करतानाही कागदांवरून अडते. घरांच्या मालकीचा प्रश्न राज्यात सध्या ऐरणीवर आहे. त्यात घर म्हणजे निवारा एवढाच विचार होतो. कित्येक मातांसाठी तेच घर कारखाना आणि दुकानही आहे, हा विचार व्हायचा आहे.

याच कायद्याची एक गंमत प्राप्तिकरात आढळते. सामाईक मालमत्तेचा नियम लागू असलेल्या दांपत्याचे पगाराखेरीजचे उत्पन्न निम्मे निम्मे विभागून दोघांच्या विवरणपत्रांत दाखवायचे असते. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ५अ खास गोव्यासह दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव येथील अशा दांपत्यांसाठी घातलेले आहे. परिणामी, दुकानदार पतीच्या निम्म्या नफ्यावर पत्नी कागदोपत्री कमावती ठरते, मग ती दुकानाची पायरी चढलेली नसली तरी. आणि स्वतः राबून पापड-मसाल्याचा व्यवसाय करणाऱ्या पत्नीचा निम्मा नफा पतीच्या नावे जातो. कर वाचवण्याच्या दृष्टीने हे फायद्याचेच असते. पण बँकेत कर्ज मागायला गेल्यावर तिच्या विवरणपत्रात तिच्या व्यवसायाचे निम्मेच उत्पन्न दिसते, आणि कर्जाची पात्रता त्यावरूनच ठरू लागली तर तिची पत निम्मी होते. गोव्यातील शाखांनी अशा अर्जांत दोघांची विवरणपत्रे एकत्र वाचावीत, एवढी सूचना राज्यस्तरीय बँकर्स समितीने काढली तरी पुरे.

कर्जाविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण त्याचीच तरतूद मुबलक आहे. एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत सुमारे ६८ टक्के खाती स्त्रियांची आहेत. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत गटातील सदस्येला ४० हजारांपर्यंत बीजभांडवलाची सोय आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील महिलेला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते. ज्या व्यवसायाला गिऱ्हाईक आहे आणि ते वेळेवर पैसे देते, त्याला कर्ज शोधत बँक स्वतः येते. गिऱ्हाईक नसताना घेतलेले कर्ज शिलाई यंत्राच्या रूपाने घरात पडून राहते आणि हप्ते घरखर्चातून जातात. एकाच गावात एकाच वर्षी वीस जणींना शिवणकाम शिकवल्याने त्या गावातील कपडे वीसपट फाटत नाहीत, हे प्रशिक्षण आखणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हरकत नाही.

सगळ्याच मातांनी उद्योजिका व्हावे असेही नाही. अनेकींना ठरलेल्या वेळेची, जवळची, सुरक्षित नोकरी हवी असते आणि ती मिळत नाही म्हणून त्या लोणची विकतात. अशांच्या व्यवसायाला यशोगाथा म्हणून मिरवणे म्हणजे रोजगाराच्या अभावावर रांगोळी काढण्यासारखे आहे. ज्यांना खरोखर धंदा करायचा आहे, त्यांच्यासाठी मात्र सरकारने नवी योजना आखण्याआधी आपली जुनी देणी चुकती करावीत.

थकलेल्या देयकांच्या बाबतीत पुरावा गोळा करण्याचाही प्रश्न नाही. कायद्यातील मुदत माल स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजली जाते, आणि गोव्यातील प्रत्येक शाळेत माध्यान्ह आहाराची नोंदवही आहे. कोणत्या तारखेला किती मुलांनी काय खाल्ले, हे तीत रोजच्या रोज लिहिले जाते आणि खाली शाळेची सही असते. त्या वहीची दर महिन्याची एक प्रत गटाच्या हाती पडली की ४५ दिवस कधी भरले, हे गटातील कोणतीही माता बोटांवर मोजून सांगू शकेल.